अनुपान : रानमांस, आसव आणि न पिणाऱ्याचे ताट

वाइनवरच्या मराठी लेखनाचा साचा आता पक्का झाला आहे. रविवारच्या पुरवणीतला लेख असो, द्राक्षमळ्याच्या सहलीचे माहितीपत्रक असो की हॉटेलातले मेनूकार्ड, शेवटी एक तक्ता येतोच. माशाला पांढरी, कोंबडीला हलकी लाल, मटणाला दमदार लाल. या तक्त्याच्या तळाशी पुष्कळदा ‘गेम’ नावाची एक ओळ असते. हरीण, रानडुक्कर, ससा, तित्तर, आणि त्यांच्यापुढे शिराझ किंवा पिनो न्वार. ही ओळ मराठीत कोणासाठी लिहिली जाते, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनंतर आपल्याकडे हौसेची वा चवीची शिकार उरलेली नाही. म्हणजे तक्त्यातली ही ओळ मराठी वाचकाला असे ताट सुचवते, जे वाढले तर वाढणारा आणि जेवणारा दोघेही गुन्हेगार ठरतील.

साचा उसना आहे, हे उघड आहे. युरोपात शिकारीचा हंगाम असतो, परवाना असतो, शिकार काही दिवस टांगून मुरवण्याची रीत असते. रानातल्या जनावराचे मांस गडद, कमी चरबीचे, उग्र वासाचे. ते मुरले की वास आणखी दाट होतो. मग ते वाइनमध्येच भिजवून शिजवतात आणि त्याच जातीची वाइन सोबत पितात. तिथल्या जोडीमागे हवामान, कायदा आणि स्वयंपाकघर अशी तिन्ही कारणे आहेत. आपण त्यातली फक्त जोडी उचलली आणि कारणे तिथेच सोडली.

तक्रार एवढीच असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु रानमांस आणि मद्य यांचा एक तपशीलवार तक्ता आपल्या परंपरेत आहे. तो वाइनच्या लेखकांनी वाचलेला दिसत नाही, आणि ज्यांनी वाचला त्यांनी तो औषधाचा म्हणून बाजूला ठेवला. तो तक्ता वाङ्मय म्हणून वाचावा, त्याची मांडणी, त्याचा तर्क आणि त्याच्या मर्यादा तपासाव्यात, आणि त्याच्या उजेडात आजचे लेखन पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

सुश्रुताचा तक्ता

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला शेहेचाळिसावा अध्याय अन्नपानविधीचा आहे. धान्ये, मांसे, फळे, भाज्या, शिजवलेले पदार्थ असे एकेक वर्ग सांगून झाल्यावर अनुपानाचा भाग येतो. अनुपान म्हणजे अन्नाच्या सोबतीने वा मागाहून प्यायचे ते. आज मराठीत हा शब्द फार आकसला आहे. वैद्याने पुडी दिली की ‘कशाबरोबर घ्यायची?’ या प्रश्नाचे मध किंवा तूप हे जे उत्तर, तेवढेच अनुपान. मूळ अध्यायात मात्र तो सगळ्या जेवणाला लागू होणारा शब्द आहे.

मांसांची विभागणी तिथे चवीवरून किंवा रंगावरून केलेली नाही. प्राणी कुठे राहतो, कसा खातो, त्याचे खूर कसे आहेत, यावरून केली आहे. वेगाने धावणारी हरणे ती जंघाल. पायांनी उकरून खाणारे लाव्हे, तित्तर हे विष्किर. चोचीने टोचून खाणारी कबुतरे, पोपट हे प्रतुद. गुहेत राहणारे ते गुहाशय, झडप घालणारे ते प्रसह, झाडावर राहणारे ते पर्णमृग, बिळात राहणारे ते बिलेशय. पाण्याच्या काठी चरणारे कूलचर, पाण्यावर तरंगणारे पक्षी प्लव, आणि शेवटी नदीतले व समुद्रातले मासे असे दोन वेगळे वर्ग.

यातल्या प्रत्येक वर्गापुढे एक आसव आहे. हरणांना पिंपळीचे आसव. लाव्हे-तित्तरांना बोरांचे. कबुतरादी पक्ष्यांना चीक येणाऱ्या झाडांचे, म्हणजे वड, उंबर, पिंपळ यांच्या वर्गाचे. गुहेतल्या श्वापदांना खजूर आणि नारळाचे. झडप घालणाऱ्यांना अश्वगंधेचे, झाडावरच्यांना शेवग्याचे, बिळातल्यांना फळांच्या साराचे. एका खुराच्या जनावरांना त्रिफळ्याचे, दुभंगलेल्या खुरांच्यांना खैराचे. पाणकाठच्यांना शिंगाडा आणि कसेरू यांचे. कसेरू म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या लव्हाळ्याच्या जातीचा कंद. पाणपक्ष्यांना उसाच्या रसाचे, नदीच्या माशांना कमळदेठाचे, समुद्राच्या माशांना महाळुंगाचे.

आसव म्हणजे आंबवलेले पेय, हे लक्षात ठेवले की या यादीचे स्वरूप स्पष्ट होते. रानमांसाला कोणते मद्य, याचे उत्तर इथे एका ओळीत गुंडाळलेले नाही. वर्गावर वर्ग घेऊन दिलेले आहे.

दोन धागे

ही यादी कशाच्या आधारावर जुळवली असेल? संहिता तिथे कारणे देत बसत नाही. मला वाचताना दोन धागे दिसतात.

पहिला धागा वस्तीचा. नदीच्या माशाला कमळाचा देठ, कारण दोघे एकाच पाण्यातले. काठावर चरणाऱ्या जनावराला शिंगाडा आणि कसेरू, कारण तो त्याच दलदलीचा माल. उकरून खाणाऱ्या लाव्ह्याला बोर, कारण लाव्हा बोरीच्या झुडपाखालीच सापडतो. फळे टोचणाऱ्या पक्ष्याला वड-उंबर, कारण तेच त्याचे घर आणि तेच त्याचे अन्न. प्राणी ज्या जागेचा, पेय त्या जागेचे. युरोपातले वाइनप्रेमी ज्या भूमिगुणाचे कौतुक करतात, एका मातीत पिकलेले ताटातही एकमेकांना धरून राहते असे मानतात, त्याच्या जवळ जाणारा हा विचार आहे. मात्र तिथे माती द्राक्षाची मोजतात. इथे माती प्राण्याची मोजली आहे.

दुसरा धागा रसाचा. चरकसंहितेने अनुपानाचा सामान्य नियम सांगितला आहे तो असा, की पेय अन्नाच्या उलट गुणांचे असावे, पण शरीराच्या धातूंना बाधक नसावे. मांस जड, स्निग्ध आणि मधुर. त्याच्या उलट म्हणजे हलके, कोरडे, तुरट. आता खुरांच्या जनावरांकडे पाहा. शेळी-मेंढीसारख्या दुभंगलेल्या खुरांच्यांना खैर, घोडा-गाढवासारख्या एका खुराच्यांना त्रिफळा. खैराच्या गाभ्यापासून कात होतो. त्रिफळ्यातला हिरडा आणि कात या दोन्ही वस्तू कातडे कमावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या. कातडे कमावणारे द्रव्य तेच टॅनिन, आणि लाल वाइन पिताना जीभ व हिरड्या आवळतात तेही टॅनिनमुळेच. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते, म्हणून तोंड कोरडे पडते; सोबत मांसाची प्रथिने आणि चरबी असली की तो तुरटपणा सौम्य होतो आणि चरबीचा थरही कापला जातो. मटणाला लाल वाइन सुचवणारा आजचा तज्ज्ञ आणि शेळी-मेंढीला खैराचे आसव सांगणारी संहिता, दोघांनीही हात तुरट रसालाच घातला आहे. एकाने तो द्राक्षाच्या सालीतून काढला, दुसरीने खैराच्या लाकडातून.

दोन्ही धागे सगळीकडे पुरत नाहीत. समुद्राच्या माशाला महाळुंग का, याचे उत्तर वस्तीच्या धाग्यात नाही. तिथे आंबट रसच कामाला आला असावा, जसा आज लिंबू येतो. श्वापदांना खजूर-नारळ का, हे दोन्ही धाग्यांनी उलगडत नाही. पण तक्ता आंधळा नाही, त्याला जागेची आणि जिभेची जाण आहे, एवढे म्हणायला हे पुरे आहे.

एक गोष्ट मात्र इथे नोंदवली पाहिजे. मांसांच्या या ओळींत द्राक्षाचे आसव नाही. संहितेला ते ठाऊक आहे. आदल्याच अध्यायात मद्यांच्या वर्णनात द्राक्षमद्याला मानाची जागा आहे. तरी रानमांसापुढे ते ठेवलेले नाही. तेव्हा ‘आमच्याकडे वाइन पेअरिंग हजारो वर्षांपूर्वी होते’ असा झेंडा नाचवायला हा तक्ता उपयोगी पडणार नाही. तो वाइनचा तक्ता नाहीच.

तक्त्याच्या मर्यादा

हा तक्ता स्वयंपाकघरातला म्हणून वाचला तर फसगत होते. सिंह, वाघ, गिधाड, माकड यांचे मांस कोणी नित्य खात होते असे समजायचे कारण नाही. वर्ग पाडले की प्रत्येक कप्पा भरावा लागतो, ही शास्त्रकाराची ओढ इथे दिसते. शिवाय या मांसांचा संबंध आजाऱ्याशी आहे. चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या चिकित्सेत क्षीण झालेल्या रोग्याला मांसाहारी प्राण्यांचे मांस द्यायला सांगितले आहे, आणि त्याबरोबर एक विलक्षण सूचना आहे. गिधाडाचे मांस मोराचे म्हणून वाढावे, कावळ्याचे तित्तर म्हणून, सापाचे माशाचे म्हणून. तळलेले गांडूळ माशाची आतडी म्हणून. खरे कळले तर रोगी किळसेने खाणार नाही किंवा खाल्लेले ओकून टाकील.

मला ही सूचना चवीविषयी आपल्याकडे लिहिल्या गेलेल्या सर्वांत मार्मिक गोष्टींपैकी एक वाटते. ‘अपरिचित मांस’ ही मांसाची जात नाही, ती नावाची जात आहे, हे त्या वैद्याला पक्के ठाऊक होते. तित्तर म्हटले की तोंडाला पाणी, कावळा म्हटले की ओकारी. ताटात मात्र तेच. आजची मेनूकार्डेही हेच जाणतात. ‘लिव्हर पाते’ची किंमत कलेजीच्या कितीतरी पट असते.

नावाच्या या खेळाची दुसरी बाजू शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने दाखवली. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचे अन्न त्यांनी लिहून काढले: वजरी, रक्त, वाळवून ठेवलेले मांस. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ (१९७०) पासून मराठी घराघरांत ज्या पाककृती ‘महाराष्ट्रीय’ म्हणून पोचल्या, त्यांत या ताटाला जागा नव्हती. एका गावात रोज शिजणारे अन्न दुसऱ्या आळीला अपरिचित असते. तेव्हा रानमांस आणि ‘वेगळ्या’ मांसांविषयी लिहिणाऱ्याने आधी सांगावे, वेगळे कोणासाठी?

दरबारी वाङ्मयातही एक वेगळा धडा मिळतो. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला ग्रंथ. मराठी अभ्यासकांना तो प्रिय आहे, कारण महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात ही नोंद त्यात आहे. पाच विंशती, शंभर अध्याय. त्यातल्या अन्नभोगात डुकराचे केस काढण्यापासून शेतातल्या उंदरांपर्यंत मांसाचे सविस्तर प्रकार येतात. पण हे तिसऱ्या विंशतीत. शिकार चौथ्या विंशतीत, विनोदांमध्ये. मदिरापान पाचव्या विंशतीत, क्रीडांमध्ये. मारणे हा विनोद, खाणे हा भोग, पिणे ही क्रीडा: तीन वेगळी दालने. राजाच्या ग्रंथात मांस आणि मद्य एका पानावर येत नाहीत. वैद्याच्या ग्रंथात येतात.

या दोन वाटांमधली दरबारी वाट पुढे टिकली असे भाषा सांगते. आपल्याकडे जेवणासोबत पिणे रुळले नाही. पिण्यासोबत खाणे रुळले. त्याला आज आपण चखणा म्हणतो. संस्कृतात मद्यासोबतच्या तोंडीलावण्याला उपदंश असा शब्द होता. आज मराठीत उपदंश म्हणजे फक्त एक गुप्तरोग. अनुपान औषधाच्या पुडीत गेले, उपदंश रोगांच्या यादीत गेला. खाण्यापिण्याच्या जोडीचे दोन्ही शब्द दवाखान्यात जमा झाल्यावर उसन्या तक्त्यावाचून आपल्यापाशी काय उरणार?

एक जिल्हा, दोन ताटे

हा प्रश्न मला ग्रंथातून कमी आणि गावातून जास्त सुचला. मी मालेगावचा. नाशिक इथून सुमारे शंभर किलोमीटर. जिल्हा एकच. तिकडे द्राक्षमळे, वाइनरी, विंचूरचे वाइन पार्क, ‘नाशिक व्हॅली वाइन’ला मिळालेले भौगोलिक मानांकन. इकडे यंत्रमाग, आणि उत्तरेतून आलेल्या विणकरांची वस्ती. तिकडे देशातले नामांकित मद्य, इकडे कबाब, पाया आणि निहारीची रात्र.

आणि आता सुश्रुताचा वर्ग आठवावा. कूलचरांत, म्हणजे पाणकाठच्या प्राण्यांत, त्याने रानडुकरासोबत महिषही घातला आहे. म्हशीचे मांस गडद आणि कमी चरबीचे. आजच्या कायद्यात बसणाऱ्या मांसांपैकी रानमांसाच्या सर्वांत जवळ जाणारे तेच. पशुसंरक्षण कायद्याची दुरुस्ती २०१५ मध्ये लागू झाली आणि गाईपाठोपाठ बैल आणि वळूही बंदीखाली आले. म्हैसवर्ग त्या बंदीबाहेर राहिला. मालेगावात ‘मोठ्याचे’ म्हणून जे मिळते, कष्टकऱ्याला परवडते, ते हेच. युरोपी तक्त्यातल्या ‘गेम’च्या ओळीला आपल्या जिल्ह्यात प्रामाणिक भाषांतर हवे असेल तर ते हरीण नाही, म्हैस आहे. माझ्या पाहण्यातल्या एकाही मराठी वाइन-तक्त्यात हा शब्द मला आढळलेला नाही. जे मिळत नाही ते हरीण छापले जाते. जे रोज शिजते त्याचे नाव गाळले जाते.

मग शिराझ आणि म्हशीच्या सीख कबाबची जोडी लावून द्यावी की काय? चवीच्या हिशेबाने ती लागेलही. रश्शाचे मात्र तसे नाही. खानदेशी काळ्या मसाल्याच्या जाळापुढे तुरट लाल वाइन अडखळते. मद्याने तिखट आणखी पेटते आणि तुरटपणा कडवटाकडे झुकतो. तिथे किंचित गोडसर, आंबट अंगाची शेनिन ब्लाँ बरी, आणि ती नाशिकला मुबलक होते. इतके सांगून तज्ज्ञ थांबला असता. पण मालेगावात तो जिथे थांबतो तिथेच खरा प्रश्न सुरू होतो. इथला मांस खाणारा बहुसंख्य माणूस मद्य पीत नाही. त्याच्या धर्माने ते वर्ज्य केले आहे. मग जोडीच्या शास्त्रात त्याचे स्थान काय?

पेअरिंगच्या लेखनात या माणसाला जागा नसते. फार तर ‘मॉकटेल’ची एक चौकट, मुलांच्या मेनूशेजारी. याचे कारण त्या लेखनाच्या उगमात आहे. ते बाटलीपासून सुरू होते. बाटली विकायची आहे, तिला ताट शोधायचे आहे.

संहिता खाणाऱ्यापासून सुरू होते. म्हणूनच तिच्यात एक नियम आहे, जो माझ्या मते साऱ्या आसवांच्या यादीपेक्षा मोलाचा आहे. ज्यांना मद्याची सवय आहे त्यांना सर्व मांसांवर मद्य चांगले. जे मद्य पीत नाहीत त्यांना पाणी किंवा फळांचा आंबट रस प्रशस्त. बस, इतकेच. न पिणाऱ्याची कीव नाही, त्याला पिण्याचा आग्रह नाही, आणि पिणाऱ्याला उपदेशही नाही. दोघे एकाच ताटावर बसलेले गृहीत धरले आहेत.

फळांचा आंबट रस म्हटल्यावर मला आमच्या कसमादे पट्ट्याची आठवण होणे साहजिक आहे. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा हा मुलूख डाळिंबाचा. तेल्या रोगाने बागा झोडपल्या तरी डाळिंब इथून गेले नाही. जुन्या वैद्यकात आंबट फळांत डाळिंबाचे नाव पहिल्या रांगेत येते. बाजाराने मात्र त्याला गोड करून टाकले. आज सर्वत्र दिसणारा ‘भगवा’ वाण गोड आहे, आणि मांसाला लागतो तो आंबट-तुरट डाळिंबाचा रस. त्याची साल तर टॅनिनने भरलेली. आंबट आणि तुरट हे दोन्ही रस, म्हणजे सगळी वाइन ज्यावर उभी आहे तोच पाया, मद्यावाचून या एका फळात आहे.

आणि डाळिंब नसले तरी जोडी इथे आहेच. निहारीवर पिळलेले लिंबू, आल्याचे काप, हिरवी मिरची, कोथिंबीर. कबाबासोबत सिरक्यातला कांदा आणि पुदिन्याची चटणी. शेवटी कडक चहा. लिंबू चरबी कापते, सिरका जीभ धुतो, चहाचा तुरटपणा टॅनिनचे काम करतो. वाइनच्या तज्ज्ञाला ‘उणीव’ दिसते तिथे एक पुरे झालेले शास्त्र जेवते आहे. त्याला फक्त कोणी शास्त्र म्हटलेले नाही.

निकष

महाराष्ट्रात २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाद रंगला तो ‘वाइन म्हणजे दारू की नाही’ यावर. एका बाजूने वाइनला शेतकऱ्याचा आधार म्हटले, दुसऱ्या बाजूने समाजाचा ऱ्हास. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात ताट नव्हते. कोण काय खातो, त्याला सोबत काय लागते, आणि न पिणाऱ्याने त्याच मेजावर कसे बसावे, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. संहितेने ते विचारले होते.

म्हणून जोडीविषयीच्या मराठी लेखनाला मी तीन निकष लावीन. ते आपल्या कायद्यात मिळणाऱ्या मांसाविषयी बोलते का? आपल्या शेजाऱ्याच्या ताटातले मांस त्याच्या खऱ्या नावाने लिहिते का? आणि पिणाऱ्याशेजारी न पिणाऱ्यालाही तितक्याच आदराने पाट मांडते का? सध्याचे तक्ते या तिन्ही ठिकाणी कमी पडतात. सुश्रुताचा तक्ता पहिल्या निकषावर आज कालबाह्य आहे. दुसऱ्यावर तो निर्भीड आहे, नावे घ्यायला कचरत नाही. तिसऱ्यावर त्याच्या जवळपास येईल असे काही मला आधुनिक लेखनात सापडलेले नाही.

पुढे कोणी नाशिक जिल्ह्याच्या खाण्यापिण्याचे पुस्तक लिहिले, तर त्यात दोन रकान्यांऐवजी तीन असावेत: मांस, मद्य आणि फलाम्ल. तिसरा रकाना भरायला अभ्यासकाला वाइनरीत जावे लागणार नाही. मालेगावात कोणत्याही खानावळीत बसले तरी पुरेल.